दोरा बांधलेला झेंडू

"देवीला काय आता खुरटी फुलं वाहू?"

केरबानं भर मठात विचारलं. आवाज चढला होता. मठाची बाग त्याच्याकडं. माणूस ढोरासारखा राबायचा, खोटं कशाला बोला. पण ताठाही तेवढाच.

तुळशीगीर महाराज चिलीम साफ करत बसले होते.

"कुठल्या फुलाचं म्हणतोस?"

"सगळ्या वाफ्यात एकच झेंडू वाटीएवढा आलाय. बाकी नुसती बटणं. उद्या दसरा. जानाईदेवीच्या माथ्यावर तोच चढणार."

"पूर्वी अख्खा वाफा वाटीएवढा फुलायचा."

"बी बिघडलंय, महाराज. शेण घालतो, पाणी घालतो, तरी दरसाली फूल बारीकच. पुढच्या साली हे एकही यायचं नाही. माझ्या हातानं मठाचा झेंडू बुडाला..."

"दसऱ्याला कुठली फुलं तोडतोस?"

"थोरली! देवीला थोरलंच द्यायचं असतं. एवढी वर्षं मीच देतोय."

"आणि बी कशाचं धरतोस?"

"झाडावर उरतील त्यांचं..."

महाराज उठले. कफनीचा एक भगवा दोरा उसवला, वाफ्यात गेले आणि त्या थोरल्या फुलाच्या देठाला बांधला.

"याला हात लावायचा नाही."

"महाराज! लोक थुंकतील माझ्या तोंडावर!"

"पुसून टाक."

दसऱ्याला देवीच्या माथ्यावर बटणाएवढा झेंडू चढला. कोंडाबाई गुरवीण सगळ्यांदेखत म्हणाली, "काय रं केरबा, थोरलं फूल कुणाच्या अंबाड्यात गेलं?"

लोक खदखदले. लोकांचं काय, जिभेला हाड नसतं.

केरबा मान खाली घालून उभा राहिला. पण दोऱ्याला हात लावला नाही. एवढं मात्र मानलं पाहिजे.

फूल झाडावरच सुकलं, काळं पडलं. आषाढात वाफ्यात त्याचंच बी पडलं. दुसऱ्या कशाचं नाही.

आणि पुढचा दसरा... काय सांगू!

वाफा पेटल्यासारखा दिसत होता. चार-दोन बारकी होती, असतातच. बाकी एकेक फूल ओंजळीत मावेना. टोपल्या भरल्या. ढोल कडाडले. जानाई नाकापर्यंत फुलांत बुडाली. कोंडाबाईची बोलती बंद. केरबा डोक्यावर टोपली घेऊन असा नाचला, असा नाचला, की ढोलवाले दमले.

आणि सगळ्यात थोरल्या फुलाला त्यानं पहाटेच दोरा बांधून ठेवला होता. कुणी न सांगता.

घाम पुसत तो महाराजांच्या पायाशी येऊन बसला.

"महाराज, एकच खुपतंय. गेल्या साली देवीचं फूल आपण तिला दिलं नाही..."

"दिलं होतं की."

"कधी?"

महाराज त्या पेटलेल्या वाफ्याकडं बघत राहिले...

"तिनं पेरलं, लेका."