ज्या बेटाचा निकाल लागला नाही

एका राज्यात पृथुसेन नावाचा राजा होता. त्याच्या राज्याच्या कडेने मोठी नदी वाहे. नदीच्या पैलतीरी राणी मेघावळीचे राज्य. मधोमध एक चिमुकले बेट. चार बाभळी, थोडी वाळू, बाकी काही नाही. ते बेट राजा आपले म्हणे, राणीही आपले म्हणे. पण त्यापायी कधी तलवार उपसली गेली नाही. चैत्रात राजाचा निशाणदार तेथे निळे निशाण रोवी. आश्विनात राणीचा निशाणदार ते घडी घालून परत करी नि आपले तांबडे रोवी. असे सात पिढ्या चालले.

त्या बेटाखाली काळंजन नावाचा मांत्रिक राही. माणसांच्या वैरावर त्याचे बळ वाढे. सात पिढ्या या वादातून रक्ताचा थेंब सांडला नाही, म्हणून तो उपाशी होता. त्याने सोन्याने भरलेला हंडा वाळूत पुरला, वर नाग बसवला नि शाप घातला, "जो यावर हक्क सांगेल, तो दगड होईल."

त्या आश्विनात निशाण परत घ्यायला राजाचा निशाणदार वीरधवल बेटावर गेला. राणीचा निशाणदार सोमकांत तांबडे निशाण रोवायला खड्डा खणत होता. हंडा उघडा पडला. "हे माझ्या राजाचे," वीरधवल म्हणाला. "हे माझ्या राणीचे," सोमकांत म्हणाला. तत्क्षणी दोघांची पावले दगड झाली. रोज दगड वीतभर वर चढू लागला. सोडवायला गेलेल्या होड्या आतल्या माणसांविना रिकाम्याच वाहत परत आल्या. मग घाटावर कोणी फिरकेना. दोन्ही तीरांवर सैन्य मात्र गोळा होऊ लागले.

वीरधवलाची बायको केतकावती एकटी काठावर बसून राही. सातव्या दिवशी एक टिटवी तिच्यापुढे उतरली.

"बाई, नवरा हवा?"

"हवा."

"तर चार गोष्टी सांभाळ. बेटाच्या वाटेवरच्या डोहात हाक येईल, तिला ओ देऊ नकोस. नागावर शस्त्र धरू नकोस. दोन्ही राज्यांच्या विहिरींचे पाणी एका ओंजळीत मिसळून त्याला पाज. मग मांत्रिक तीन प्रश्न विचारील, तीनच; त्याला खरे तेच सांग. तिन्हींना खरे उत्तर मिळाले, की त्याचे बळ सरले."

"पैलतीरीचे पाणी मला कोण देईल?"

"मी दोन्ही काठांवर ओरडते," टिटवी म्हणाली नि उडून गेली.

केतकावतीने आपल्या विहिरीचा तांब्या भरून घेतला नि होडी लोटली. डोहावर वारा पडला. पाण्याखालून तिच्या मेलेल्या आईचा आवाज आला, "केतके, फार गार आहे गं इथे. हात दे." केतकावतीचे डोळे वाहू लागले. तिने पदर दातांत घट्ट धरला नि वल्हे मारीत राहिली. होडीच्या तळाला खालून बोटे घासत होती. होडीला वाळू लागली तेव्हा ती बोटे थांबली.

बेटावर एक म्हातारी आधीच उभी होती. ती सोमकांताची आई अंबुजा. तिच्या हातात राणीच्या राज्यातले पाणी होते. दोघी एकमेकींना भ्याल्या. पलीकडे दोन पुरुष गळ्यापर्यंत दगड झाले होते. डोळे तेवढे हलत होते.

दोघींनी हाताला हात लावून एकच ओंजळ केली. त्यात दोन्हीकडचे पाणी ओतले. नागाने फणा काढला. तो केतकावतीच्या तोंडापुढे आला, तिथेच डोलत राहिला, मग ओंजळीत झुकला. त्याची जीभ मनगटाला लागली.  पाणी सांडू नये म्हणून केतकावतीने म्हातारीचा हात खालून आवळून धरला. नाग शेवटचा थेंब प्याला नि वाळूत शिरला.

मग हंड्यातून काळंजन उभा राहिला. त्याला पापण्या नव्हत्या.

"केतकावती, बेट कोणाचे? राजाचे म्हण, नवरा जिवंत देतो. दुसरा दगडच राहील."

केतकावतीने नवऱ्याकडे पाहिले. दगड हनुवटीला लागला होता. एक शब्द, की तो घरी येणार होता. आणि आपण गप्प राहिलो नि म्हातारी बोलली तर? 

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. मांत्रिकाने चिडून हात उगारला नि तिची पावले गुडघ्यापर्यंत दगड झाली.

"अंबुजे, राणीचे म्हण. मुलगा घेऊन जा."

म्हातारी मुलाकडे पाहून हुंदका देऊन रडली. ओठ उघडले, मिटले. "मलाही ठाऊक नाही," ती म्हणाली. तिचीही पावले दगड झाली.

"मग ठाऊक आहे तरी कोणाला?" मांत्रिक ओरडला.

"कोणालाच नाही," केतकावती म्हणाली. "सात पिढ्या वाद चालला आहे. निकाल लागलेला नाही. लागला नाही, तो लागला असे मी कसे सांगू?"

मांत्रिकाने तोंड उघडले, पण चौथा प्रश्न त्याच्यापाशी नव्हता. तो कोरड्या गाळासारखा भेगाळला नि ढासळला. हंडा नदीत गडप झाला. चौघांच्या अंगावरचा दगड वाळू होऊन गळला. रिकाम्या होड्यांची माणसेही खोकत, ठेचकाळत पाण्याबाहेर आली.

वीरधवल बायकोला म्हणाला, "तू त्याचे ऐकशील अशी मला भीती वाटत होती."

"मलाही," ती म्हणाली.

राजाने नि राणीने सैन्ये माघारी धाडली. बेटाचा वाद मात्र कोणी मिटवला नाही; तो मिटवू नये असेच दोघांनी ठरवले. आणि तो डोह निवळला; त्यावरून लोक पुन्हा निर्धास्त ये-जा करू लागले. ऐकणाऱ्यांच्या वाटेतले डोहही तसेच निवळोत.