सुळ्यांवरची मोळी

ओंडक्यावर ओंडका पडल्याचा तो आवाज फार वर्षांपूर्वी ऐकला, पण अजून कानात आहे. आधी जड धप्प, मग दरीभर घुमत जाणारी गुरगुर. तो ओंडका हत्तीने लोटला की हत्तिणीने, हे लांबून ऐकणाऱ्याला कधीच सांगता आलं नसतं.

तो लाकडाचा मुलूख होता. वरच्या रानातले ओंडके उतारावरून नदीपर्यंत न्यायचे, एवढाच तिथला धंदा. हत्ती आणि हत्तिणी दोघंही तो करत. लाकडाच्या बदल्यात नदीपलीकडून ऊस येई आणि सांजेला मुकादम हत्ती तो वाटून देई. वाटपाची रीत जुनी होती. उसाला माती लागू द्यायची नाही, म्हणून मोळी सुळ्यांवर ठेवायची. दोन सुळे, दोन मोळ्या. हत्तिणींना सुळे नसत. त्यांच्यापुढे उसाच्या शेंड्यांची, म्हणजे वाढ्यांची, एक मोळी जमिनीवर टाकत. वाढ्यांना माती लागली तरी चालते, असं ठरलेलं होतं.

यात कुणाला काही वावगं दिसत नसे. हत्तीण कमीच खाते, असं म्हणत. ती काय, घरच्या हत्तीला हातभार लावायला येते, असंही म्हणत. ज्यांच्या घरी हत्तीच नव्हता, त्यांच्याबद्दल काही म्हणत नसत.

सावरी नावाची हत्तीण अशांपैकी होती. घरात ती आणि तिची म्हातारी आई. आईला सगळे थोरली म्हणत. थोरलीने जन्मभर याच उतारावर लाकूड ओढलं होतं. आता तिच्या दाढा झिजून हिरड्यांना टेकल्या होत्या. वाढ्यांची चरबरीत पानं ती तोंडात घोळवी आणि तशीच बाहेर टाकी. उसाचं कांडं मिळालं असतं, तर निदान रस तरी पोटात गेला असता. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या, तेव्हा सावरी मुकादमाकडे गेली. वाढे नकोत, त्याऐवजी उसाची एकच मोळी द्या, म्हणाली. काम तर मी दोघा हत्तींच्या बरोबरीनं करते.

मुकादम कुणाशी वाईट बोलत नसे. तो म्हणाला, “सावराक्का, माझी ना कुठंय? पण ठेवू कुठं, ते तूच सांग.”

पाठीवर ठेवा, असं ती म्हणाली. पाठीवर ओझं ठेवतात, मजुरी नाही, असं उत्तर आलं. मग सोंडेत द्या. सोंडेत भीक घालतात, तो म्हणाला, आणि तुला भीक घालावी अशी का तुझी पायरी आहे? रांगेतले हत्ती माना हलवत हसले. मुकादमाने आक्काचा केवढा मान राखला, असं त्यांना वाटलं.

उताराच्या माथ्यावरचं काम सगळ्यात जोखमीचं. तिथून ओंडक्याला दिशा द्यायची. ती चुकली तर खालच्यांचा जीव जाई. तिथला म्हातारा हत्ती थकून बसल्यापासून ते सावरीच करत होती. ती जागा आता आपलीच, असं तिने धरून ठेवलं होतं. तेवढ्यात दुसऱ्या रानातून दौलत नावाचा तरणा हत्ती आला. मुकादमाने त्याला माथ्यावर नेमलं आणि त्याला काम शिकवायला सावरीला सांगितलं. तिने शिकवलं. पोर गुणी होतं. तिला मावशी म्हणे.

पण दौलतला जन्मतःच सुळे नव्हते.

पहिल्या सांजेला सगळी रांग माना उंचावून बघत होती. मुकादम जराही अडला नाही. त्याने दौलतच्या दोन्ही बाजूंना एकेक हत्ती उभा केला. सुळे जिथे असायला हवे होते तिथे त्या दोघांनी सोंडेने एकेक मोळी अधांतरी धरली, आणि दौलत निवांत ऊस खाऊ लागला.

“याचे सुळे कुठायत?” सावरीने विचारलं.

“आत आहेत,” मुकादम म्हणाला. “हत्ती आहे म्हणजे असणारच.”

“मग माझेही आत असतील.”

मागून कुणीतरी म्हणालं, “आक्का, हत्तिणीच्या आत पिल्लू असतं. तेवढं सांभाळ.”

हशा पिकला. हत्तिणींच्या रांगेतही दोघीचौघी हसल्या. न हसणारीची वाढ्यांची मोळी दुसऱ्या दिवशी बारीक होते, हे त्यांना ठाऊक होतं.

वर्षातून एकदा त्या मुलखात हत्तिणींचा मान होई. पाय धुवायचे, कपाळावर रंग काढायचा, अंगावर झूल घालायची. हत्तीण हा मुलखाचा कणा आहे, असं मुकादम त्या दिवशी बोले. ते त्याला खरोखरच वाटे. त्या वर्षी मानकरी सावरी ठरली. तिच्यासाठी साग कोरून, सोनेरी रंग देऊन दोन सुळे केले होते. ते दोरीने तिच्या तोंडाशी बांधले, तेव्हा सगळा उतार चीत्कारांनी भरून गेला.

दुसऱ्या सांजेला सावरी ते सुळे लावून हत्तींच्या रांगेत उभी राहिली. घरापर्यंत ऊस न्यायला वेळ लागू नये, म्हणून थोरलीलाही सोबत आणलं होतं. चार पावलांवर थांबत, धापा टाकत ती पोचली होती.

दौलतचं वाटप झालं. मग सावरीची पाळी आली. मुकादम ओशाळला. खालच्या आवाजात म्हणाला, “अगं, हे मानाचे आहेत. मोळीचे नव्हेत.”

सावरीने दोरी सोडली. दोन्ही सुळे जमिनीवर ठेवले. दौलतने आपल्यासमोरच्या मोळीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि मान वळवून तो खात राहिला.

थोरलीला आता धड दिसत नव्हतं. लेकीने काहीतरी खाली ठेवलं, एवढं तिला कळलं. ती पुढे झाली. एक सुळा उचलून तिने तोंडात घातला, हिरड्यांनी दाबला आणि रस सुटायची वाट पाहत उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. तिच्या ओठांवरून सोनेरी लाळ गळू लागली. या वेळी कुणी हसलं नाही.

मग तिने तो सुळा तोंडातून काढला. सोंडेने पुसला. आणि माती लागू नये म्हणून मुकादमाच्या दोन सुळ्यांवर नीट आडवा ठेवला. मग ती वळली आणि निघून गेली.