शेवटचा ओलावा

“यातून काढलंस काय?” नारखेडे सरांनी विचारलं.

“पाणी, सर. फक्त पाणी.”

“सगळं?”

“सगळं,” देवदत्त फिरके म्हणाला आणि खुर्चीत जरा ऐसपैस बसला.

मधल्या स्टुलावर त्यानं आणलेली काचेची बरणी होती. तिच्यात पांढरी, भुरभुरीत पूड. शेजारी पाण्याचा पेला. सरांच्या घरी पाऊल टाकलं की आधी पाणी समोर येतं, मग माणसाचं नाव विचारलं जातं. देवदत्तनं पेल्याला हात लावला नव्हता. कामाच्या माणसाला तहान लागत नसते, असा अलीकडे त्याचा समज झाला होता.

सरांनी बरणी उचलून उजेडात धरली. हलकेच गोल फिरवून पाहिली.

“सुरेख दिसतंय,” अखेर ते म्हणाले.

देवदत्तची नजर आपोआप भिंतीतल्या फळीकडे गेली.

त्या फळीची गोष्ट सांगायलाच हवी. सरांनी उभं आयुष्य मुंबईच्या एका प्रयोगशाळेत धागे सोलण्यात घालवलं. कापूस द्या, बांबू द्या, उसाचं चिपाड द्या, त्यातला धागा सोलत सोलत ते इतका बारीक करायचे की पुढे डोळ्यांचं काम संपायचं. त्यालाच नॅनोसेल्युलोज म्हणतात. असा चिमूटभर धागा पेलाभर पाण्याला धरून ठेवतो, आणि ते पाणी दह्यासारखं उभं राहतं. आज त्याचे कारखाने काढून बसलेले कितीतरी जण सरांच्या हाताखालून गेलेले आहेत. सर मात्र निवृत्त झाले आणि सावद्याला, वडिलांच्या केळीच्या बागेत येऊन राहिले.

शिष्यांनी एक रीत पाळली. नवी वस्तू बाजारात उतरवण्याआधी सरांकडे आणायची. सर ती स्वतः वापरून बघणार. पसंत पडली तर फळीवर ठेवणार. शाबासकी नाही, भाषण नाही. वस्तू फळीवर बसली म्हणजे झालं.

फळीवर एक पेन होतं, त्याची शाई कागदावर फुटत नसे. तेलकट शेव भरली तरी डाग न पडणारी कागदी पिशवी होती. भाजलेल्या जखमेवर लावायची पातळ, पारदर्शक पट्टी होती. जपानच्या एका कंपनीत गेलेल्या शिष्यानं पाठवलेले बूट होते. ते सरांनी पावसाळाभर केळीच्या चिखलात वापरले, मग धुऊन, पुसून फळीवर ठेवले. पुरस्कार देणाऱ्या समित्या पुष्कळ आहेत, पण चिखलात उतरणारी समिती ही एवढीच.

फळीच्या टोकाला लहानशी बाटली होती. तिच्यात दुधी रंगाचा गोळा, अजून तसाच मऊ. ती देवदत्त आणि वसुधा बेंडाळे यांची.

दोघं सरांचे विद्यार्थी, दोघं याच भागातले. केळीचा घड उतरला की खांब बांधावर फेकतात, तिथेच तो सडतो. या दोघांना त्या सडक्या खांबात धागा दिसला. फैजपूर रस्त्यावर त्यांनी पत्र्याचा कारखाना टाकला. लोक हसले. पुढे हसणारेच ट्रॅक्टर भरभरून खांब आणून टाकू लागले. ती पहिली बाटली सरांना द्यायला दोघं आले, तेव्हा कोणी द्यायची यावरून दारातच वाद झाला, आणि शेवटी दोघांनी एका वेळी हात लावून ती दिली. सर तेव्हा मनापासून हसले होते.

“वसुधा नाही आली?” सरांनी आता विचारलं.

“नाही.”

“बरी आहे ना?”

“बरी आहे... सर, ती कारखाना सोडते आहे.”

सरांनी बरणी खाली ठेवली.

मग देवदत्तनं सगळं सांगितलं, अर्थात स्वतःच्या बाजूनं. त्यांचा माल म्हणजे शंभर भागांत दोन भाग धागा आणि बाकी पाणी. ड्रमच्या ड्रम पाणी गाडीत घालून गुजरातपर्यंत पाठवायचं, याची त्याला लाज वाटायला लागली होती. सुरतेकडच्या रंगाच्या एका कंपनीला हा धागा हवा होता. तो घातला की रंग भिंतीवरून ओघळत नाही आणि डब्यात तळाला बसत नाही. पण त्यांना ड्रम नको होते, पोती हवी होती. पूड पाठवा, आमचं पाणी आम्ही घालू, असं ते म्हणाले. एवढं मोठं गिऱ्हाईक कारखान्याला पूर्वी कधी मिळालं नव्हतं.

दोघांनी मिळून वाळवण्याची युक्ती बसवली. पूड झाली, पाण्यात घातली, फुललीही. पण वसुधानं त्या पुडीत थोडा ओलावा मुद्दाम राहू दिला होता. देवदत्तला तो ओलावा खुपत होता. कोरडं म्हणायचं तर पूर्ण कोरडं हवं, हा त्याचा हट्ट. ती म्हणाली, एवढा राहू दे. तो म्हणाला, तुझं प्रत्येक गोष्टीत थांब, राहू दे, जरा बघू. शब्दाला शब्द लागला. तुझ्यामुळे कारखाना रखडतो, असं तो कामगारांसमोर बोलून गेला.

तिनं उलट उत्तर दिलं नाही. आज दुपारच्या गाडीनं ती भुसावळहून अकोल्याला भावाकडे निघणार होती. आणि इकडे, शेवटच्या थेंबापर्यंत वाळवलेल्या पुडीची पोती शिवून तयार होती. उद्या सकाळी ती सुरतेला जाणार होती.

“म्हणजे काढलंस ते फक्त पाणीच?” सरांनी विचारलं.

देवदत्तनं बरणी पुन्हा त्यांच्याकडे सरकवली.

सर उठून आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात पाण्यानं भरलेलं पातेलं होतं आणि दुसऱ्या हातात ताक घुसळायची रवी. त्यांनी बरणीतली दोन चमचे पूड पातेल्यात टाकली आणि खाली मांडी घालून घुसळायला लागले. सकाळी ताक करावं तितक्याच शांतपणे.

थोड्या वेळानं त्यांनी रवी बाहेर काढली.

पूड तळाशी जाऊन बसली. भांड्यात रांगोळी सांडल्यासारखी.

“रवीनं नाही होणार सर. आमच्याकडे मशीन आहे.”

“घे. तुझा हात जोराचा आहे.”

देवदत्तनं बाह्या सारल्या. तो खाली बसला आणि घुसळायला लागला. कपाळावर घाम आला, पाणी फरशीवर उडालं, सरांचं धोतर भिजलं. पाणी क्षणभर गढूळ दिसायचं. रवी थांबली की कण पुन्हा तळ गाठायचे. त्यानं पुन्हा जोर लावला. पुन्हा तेच. उद्याची पोती डोळ्यांसमोर आली.

“पण फुललं होतं सर. मी स्वतः बघितलंय, अगदी साध्या डावानं ढवळलं तरी...”

“कोणतं?”

देवदत्तचा हात थांबला.

“कोणतं फुललं होतं?” सरांनी तितक्याच हळू पुन्हा विचारलं.

“...तिनं ओलावा ठेवलेलं.”

बागेत कुठेतरी पंप सुरू झाला.

शेवटचा ओलावा गेला की धागे एकमेकांना गच्च धरतात आणि पुन्हा पाण्यात सुटत नाहीत, ही गोष्ट देवदत्तला ठाऊक नव्हती असं नाही. परीक्षेत त्यानं ती लिहिली होती, गिऱ्हाइकांना समजावून सांगितली होती. पण आपण ज्याला नको म्हणतो आहोत तोच हा ओलावा, हे मात्र त्याच्या लक्षात आलं नव्हतं. हुशार माणसाचं असं होतं.

सरांनी दोन्ही हात पुढे केले. बोटांत बोटं अडकवली आणि गच्च आवळून धरली. म्हातारी, गाठाळलेली बोटं. पेरं पांढरी पडली.

“सोडव.”

देवदत्तनं बिचकत त्यांचे हात धरले. हलकेच ओढून पाहिलं. बोटं हलेनात. जरा जोर केला, आणि सरांच्या कपाळावर आठी दिसताच हात मागे घेतला.

“का रे?”

“आणखी ओढलं तर मोडतील, सर.”

“हं.”

सरांनी बोटं मोकळी केली, दुखऱ्या सांध्यांवरून अंगठा फिरवला आणि रागाचा एक शब्दही न बोलता पातेलं बाजूला सारलं. देवदत्तला त्या क्षणी त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. ते रागावले असते तर त्याला वाद घालता आला असता. ती सोयसुद्धा त्यांनी ठेवली नव्हती.

त्यानं फोन काढला. गोदामात फोन करून पोती गाडीत चढवू नका म्हणून सांगितलं. पलीकडचा माणूस कारण विचारत होता.

“चूक झाली,” देवदत्त म्हणाला. “माझी.”

हे शब्द त्याच्या तोंडून कितीतरी दिवसांनी निघाले होते. तो उठून उभा राहिला. सरांनीही उठून रवी झटकली आणि खुंटीला लावली. मग फळीच्या टोकाची ती लहानशी बाटली उतरवली, पंच्यानं पुसली आणि पुन्हा होती तिथे ठेवली. पुडीची बरणी स्टुलावरच राहिली.

देवदत्तनं घड्याळ पाहिलं. भुसावळ स्टेशन गाठायला अजून वेळ होता. तो लगबगीनं दारापर्यंत गेला, एक पाय चपलेत घातला आणि तिथेच अडखळला. रंगाच्या कंपनीला काय सांगायचं ते त्याला माहीत होतं. ओलावा ठेवून पुन्हा पूड करता येईल, थोडे दिवस मागून घेता येतील. अवघड होतं ते वेगळंच.

“सर...”

“बोल.”

“स्टेशनवर गाठतो तिला. पण जाऊन बोलू काय? मी फार वाईट बोललोय... सगळ्यांसमोर. आता माझं एक अक्षर तरी ती ऐकून घेईल का?”

सरांनी स्टुलावरचा पेला उचलला. देवदत्त आल्यापासून तो तसाच भरलेला होता. ते दारापर्यंत आले आणि पेला त्याच्यापुढे धरला.

“बस. आधी पाणी पिऊन घे. कोरडा जाऊ नकोस.”