‘तरी’ नसलेली भाषा

एकदा एका बंदरात शौनक नावाच्या शिष्याने नवी भाषा रचली. तिथे नाना देशांचे लोक उतरत आणि एकमेकांचे बोलणे न कळल्याने भांडत. शौनकला ते पाहवत नसे. त्याने तीनशे शब्द निश्चित केले आणि गावभर हिंडून ते शिकवले. च, ही, तर, तरी हे शब्द मात्र गाळले. त्यांच्यावाचून काही अडत नाही, असे तो आपल्या वृद्ध आचार्यांना सांगे. आचार्य ऐकून घेत.

तिथल्या एका व्यापाऱ्याची सून समुद्रापलीकडची होती. इथे येऊन ती ही नवी भाषाच तेवढी शिकली होती. तिचा नवरा तापाने गेला, आणि महिन्याभरात तिने माहेरी जाणारी नाव ठरवली. सासऱ्याला नवी भाषा येत नव्हती. तो शौनककडे आला आणि खाली मान घालून म्हणाला, “तिला एवढंच सांगा. पोरी, तू तरी राहा.”

शौनकने जाऊन सांगितले, “तू राहा.”

तिचा चेहरा कठोर झाला. मला हुकूम करणारे हे कोण, असे विचारून तिने गाठोडे उचलले आणि धक्क्याची वाट धरली.

शौनक कासावीस झाला. वाक्यात चूक नव्हती. त्याने शब्द मागेपुढे करून पाहिले, तरी हुकूम तो हुकूमच राहिला. तो धावत आचार्यांकडे गेला. सारे ऐकून आचार्य त्याला आणि सासऱ्याला घेऊन धक्क्यावर आले. सून गाठोडे घेऊन नावेपाशी उभी होती. आचार्य थेट नावेत जाऊन बसले. ओहोटी लागली, नाव गाळात रुतेल, आता उतरा, म्हणून नावाडी विनवू लागला.

“याने हिला ‘तरी’चा अर्थ सांगितला, की उतरतो,” आचार्य म्हणाले.

पाणी भराभर मागे हटत होते. शौनक आपल्या तीनशे शब्दांत चाचपडू लागला. “याची बायको गेली. मुलगा गेला. घर रिकामं. तू जाणार हे कळलं, हा जेवला नाही. याला दुसरं कोणी नाही. तू राहा.”

तिने सासऱ्याकडे बराच वेळ पाहिले. मग गाठोडे खाली ठेवले. माहेरी जाईन, पण पुढच्या हंगामाच्या नावेने, असे ती म्हणाली.

आचार्य हळूहळू उतरले. “काय हवं ते तुझे शब्द सांगतात,” ते शौनकला म्हणाले. “मागणारा हात जोडून उभा आहे की बोट रोखून, ते त्या लहान शब्दांतून कळतं.”

सासरा आणि सून घराकडे निघाले होते. शौनक मात्र धक्क्यावरच येरझाऱ्या घालत राहिला. आजवर किती जणांच्या विनवण्या आपण हुकूम करून पोचवल्या, हे त्याला आठवत नव्हते.