चिंचेत घातलेल्या नथीची कहाणी

ऐका गौरीबाई, तुमच्या नथीची कहाणी. एका आटपाट नगरात एक गुरव राही. त्याची बायको सगुणा, लेक ठकू. घरात दागिना म्हणावा तर मोत्यांची एक नथ. भादव्यात ती तीन दिवस गौरीच्या नाकी चढे. ठकूच्या लग्नात ठकूच्या नाकी चढायची होती.

पहिल्या वर्षी गौर बोळवली. सगुणेनं नथ अत्तरासकट, हळदीकुंकवासकट डब्यात टाकली. मग गौर म्हातारीच्या रूपानं दारी आली. म्हणाली, बाई, नथ ओलसर फडक्यानं पूस, कोरडी कर, मलमलीत गुंडाळून निराळी ठेव. एवढाच माझा वसा. सगुणा म्हणाली, त्यात काय, करीन. केलं नाही.

दुसऱ्या वर्षी नथ पैंजणांच्या ढिगात टाकली. मोत्यांवर ओरखडे पडले, तार वाकली. मग म्हातारी आली. तिनं तेच सांगितलं, सगुणाही तेच म्हणाली. म्हातारी कपाळाला हात लावून गेली.

तिसऱ्या वर्षी ठकूचं लग्न ठरलं. सगुणेला हुरूप आला. तिनं चिंचेनं समया घासल्या, तांब्या घासला, ताम्हन घासलं. सगळं लखलखलं. मग त्याच चिंचेच्या कोळात नथ बुडवली आणि लाडू वळायला बसली. लाडू वळून झाले, नथ काढली, तो मोती भिजल्या साबुदाण्यासारखे. तेज म्हणून उरलं नाही. ठकू रडू लागली. वऱ्हाड वेशीशी आलं होतं.

मग सगुणा गौरीपुढं आडवी पडली. गौर प्रकटली, ती वैतागलेलीच.

"अगं, मी बुडालेली तारवं वर काढली, मेलेले राजपुत्र उठवले. चिंचेत घातलेला मोती मला उठवता येत नाही. दोनदा दारी आले. देवानं सांगावं तरी किती?"

ठकूनं डोळे पुसले, नथ पुसली, कोरडी केली, तार हलकेच सरळ केली आणि तशीच नाकी घातली. गौरीला म्हणाली, उतणार नाही, मातणार नाही, वसा टाकणार नाही.

मांडवात सासूनं नथ निरखली. मोती असे का, म्हणून विचारलं. ठकूनं खरं ते सांगितलं. सासू हळूच म्हणाली, "माझी मी लिंबात घातली होती." आणि घरच्या दागिन्यांचा डबा तिनं ठकूच्या ओटीत ठेवला.

जसा ठकूला मान मिळाला, तसा तुम्हाआम्हांला मिळो. घरी जाल तेव्हा आधी आपापला डबा उघडून बघा. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.