हेडफोन आणि हुकलेली सम

वस्तू माणसांसारख्याच बढाया मारत, तेव्हाची गोष्ट. दूरदेशी शिकलेला एक महागडा हेडफोन तात्या केळुसकरांच्या घरी आला आणि आल्या आल्या त्याने भाषण ठोकलं, “या घराला खरं ऐकायला शिकवणं हेच माझं जीवितकार्य!”

“बरं बाबा,” जुना स्पीकर म्हणाला, “आजवर आम्ही नुसताच गोंगाट केला म्हणायचा.”

तात्यांनी रेकॉर्ड लावली आणि हेडफोन त्यांच्या कानांवर बसला. गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. ती तान घेऊन समेवर आली, तसे तात्या ओरडले, “क्या बात है!” आणि सवयीने त्यांनी बायकोकडे पाहिलं.

शेंगा सोलणाऱ्या माई दचकल्या. “काय हो, मुंगी चावली?”

तात्यांचा चेहरा उतरला. पुढच्या तानेला त्यांनी घाईघाईने हेडफोन माईंच्या कानांवर चढवला, पण तोवर सम निघून गेली होती.

“जरा थांबायचंस ना!” हेडफोन रेकॉर्डवर खेकसला.

“सम कुणासाठी थांबते का रे, शहाण्या?” रेकॉर्ड म्हणाली.

शेवटी तात्यांनी स्पीकर लावला. खुंटीवर लटकलेला हेडफोन कुरकुरला, “खर्ज अगदीच गढूळ आहे हं तुमचा.” तेवढ्यात सम आली. तात्या आणि माई एकदमच म्हणाले, “वा!”

त्यांच्यापाठोपाठ खुंटीवरूनही एक “वा!” निसटला.