गाठीला हात न लावता

"कागद सगळे यंत्रात गेले पाहिजेत, आणि माझ्या एकाही गठ्ठ्याची गाठ तू सोडायची नाहीस," किंजवडेकर वकिलांनी हुकूम सोडला. "संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर यंत्र पुण्याला परत आणि तू घरी."

शेवंतीला वकिलांकडे नोकरी लागून आठवडाही झाला नव्हता. यंत्र वकिलांच्या पुण्यातल्या लेकीनं पाठवलेलं. काचेवर ठेवलेला कागद ते वाचून साठवायचं, त्यात काय कमी आहे ते दाखवायचं आणि मागितला की चुटकीसरशी काढून द्यायचं. लेकीला नाही म्हणायची वकिलांची प्राज्ञा नव्हती, म्हणून त्यांनी ही अट काढली. देवस्थानच्या जमिनीच्या दाव्याचे कागद लाल कापडांत बांधलेले, आणि त्या गाठी सोडायचा मान फक्त त्यांचा. बायकोलासुद्धा तिथं मज्जाव होता!

शेवंती यंत्रासमोर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "साहेब, मी दाव्यातलं खरेदीखत मागितलं. यंत्र म्हणतंय, असा कागदच नाही."

"नाही? माझ्याकडे नाही?" वकील ताडकन उठले. गाठ सोडली, खरेदीखत काढून काचेवर ठेवलं. "हे काय आहे मग? विचार त्याला."

"हे त्यानं मान्य केलं, साहेब. पण सोबतचा नकाशा काही त्याला सापडत नाही."

उभा जन्म उलटतपासणीत गेलेला माणूस. समोरच्याची शंका तशीच राहिलेली त्यांना सोसवतच नसे. नकाशा आला, मागोमाग फेरफार आले, वारसांचे जबाब आले. टेबलावरचा चहा निवून गेला. "आता बोल," असं यंत्राला दरडावत वकील एकेक गठ्ठा सोडत राहिले. मधेच एका जबाबावर सही नसल्याचं यंत्रानं दाखवलं. वकिलांनी चष्मा पुसून पाहिलं. खरंच नव्हती. पुढचा कागद त्यांनी जरा अदबीनं ठेवला.

दिवेलागणीला ते घाम पुसत खुर्चीत टेकले. "केलं की नाही तोंड बंद त्याचं? आहे आणखी काही शंका?"

"नाही साहेब. सगळे कागद पोचले त्याला."

वकिलांनी टेबलावर पसरलेल्या लाल कापडांकडे पाहिलं, मग शेवंतीकडे. "हा सरळसरळ अटीचा भंग आहे. गाठी सुटल्यात."

"सुटल्यात ना साहेब. पण अट मला होती, आणि मी तर बोटही लावलं नाही. सोडणाऱ्याचं नाव मी सांगू, की तेही यंत्रालाच विचारता?"

वकील पोट धरून हसले. "मला वाटलं उलटतपासणी मी घेतोय. पिंजऱ्यात मीच उभा होतो की गं!"

हसू आवरत त्यांनी पुण्याला फोन लावला. "यंत्र सुरू झालं बरं का, बाळ. कागद? सगळे मी स्वतः घातले." मग शेवंतीकडे बघत म्हणाले, "आणि ही पोरगी आजपासून कायम. पगारही वाढवलाय. उद्या समोरच्या वकिलानं हिला नेलं, तर मला कोर्टात उभं राहायची सोय उरणार नाही."